वाऱ्यातली शेवटची फेरी

मी एक जुना लाल पाळणा आहे, मित्रांनो. पाळणा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर अंगाई आणि झोपलेले बाळ आले असेल, तर ते जरा बाजूला ठेवा. मी रोपवेचा पाळणा. शहराच्या डोक्यावर जो उभा डोंगर दिसतो, ज्याचे चित्र शहरातल्या प्रत्येक शाळेच्या भिंतीवर आहे, त्याच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत मी लोखंडी दोरावरून ये-जा करत असे. बाळांना मी क्वचितच झोपवले. उलट मोठमोठ्या झोपाळूंची झोप मी उडवली.

माझा जन्म डोंगरापासून फार लांब, एका कारखान्यात झाला. तिथल्या कारागिरांनी माझा सांगाडा जोडला, त्यावर पत्रे ठोकले, चारी बाजूंना खिडक्या बसवल्या आणि मला लाल रंग दिला. ढगात शिरलो तरी मी खालून दिसावा, हा त्यामागचा हेतू. माझ्याबरोबर माझा एक जुळा भाऊ घडला. त्याचा रंग पिवळा. आम्ही दोघे एकाच दोराला जोडलेलो. मी वर निघालो की तो खाली निघे, आणि निम्म्या वाटेवर आम्ही एकमेकांच्या शेजारून जात असू. दिवसातून इतक्या वेळा भेटूनही घडीभर थांबून विचारपूस करायला आम्हाला कधी उसंत मिळाली नाही.

माझे पहिले प्रवासी म्हणजे वाळूची पोती. माणसे चढवण्याआधी माझ्यात पोती रचून मला वरखाली फिरवण्यात आले. पोत्यांनी ना खिडकीबाहेर पाहिले, ना कसली तक्रार केली. इतके शहाणे प्रवासी मला पुन्हा कधी मिळाले नाहीत.

पुढे माणसे येऊ लागली आणि माझे खरे आयुष्य सुरू झाले. प्रवाशांची काळजी घ्यायला माझ्यात एक गडी असे. तो पायथ्याच्या फलाटावर बोलला की माथ्यावरच्या उपाहारगृहात कपबश्या थरथरतात, असे लोक गमतीने म्हणत. त्याला सगळे भोंगामामा म्हणत. दार लावणे, कडी तपासणे, हात आणि डोकी आत घ्यायला लावणे आणि भिंतीवरच्या फोनवरून यंत्रघराशी बोलणे ही त्याची कामे.

यंत्रघर ज्या चालवत, त्यांना सगळे मावशी म्हणत. दोर ओढणारे मोठे चाक त्यांच्या हुकमावर फिरे. डोंगरावरच्या खांबांना वारा मोजणारी भिरभिरी लावली होती आणि त्यांचा काटा मावशींच्या समोर हलत असे. काटा तांबड्या रेषेला भिडला की पाळणे बंद. एकदा खुद्द नगराध्यक्ष टोपी सांभाळत फलाटावर ताटकळले होते, पण काटा खाली येईपर्यंत मावशींनी चाक फिरवले नाही. चहा मात्र दोनदा पाजला.

मी नाना तऱ्हेची माणसे वर नेली. नवी जोडपी नेली, रुसलेल्या सासवा नेल्या, एकमेकांशी न बोलणारे भाऊ नेले. कुणी चढताना बढाया मारी, आणि पहिल्या खांबावर गचका बसला की त्याची दातखीळ बसे. पण वर पोचून शहर पायाखाली पाहिले की साऱ्यांचे चेहरे सारखेच होत. त्या चेहऱ्यांसाठी मी राबलो, असे म्हटले तरी चालेल.

आता मी तुम्हाला भूगोलाच्या बाईंची हकिगत सांगतो, कारण तीच माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट आहे.

पायथ्याजवळच्या एका शाळेत या बाई भूगोल शिकवत. दरवर्षी त्या आपला वर्ग घेऊन डोंगरावर येत. येत म्हणजे पायथ्यापर्यंत येत. फलाटावर उभ्या राहून त्या मुलांना शहराचा नकाशा समजावून सांगत. नदी कुठून शिरते, कुठे वळते, जुनी वस्ती कुठे, कारखाने कुठे. मग मुलांना पीटीच्या सरांच्या हवाली करून त्यांना माझ्यात बसवत आणि स्वतः मात्र खालीच थांबत. बाईंना उंचीची भीती होती. दुसऱ्या मजल्यावरच्या सज्जात उभे राहिले तरी त्यांच्या पायांतले बळ जाई. मुलांना हे ठाऊक होते. ती खाली आल्यावर काय काय पाहिले ते सांगत, आणि बाई वरून कधी न पाहिलेल्या शहराबद्दलच्या त्यांच्या चुका सुधारत. भोंगामामाने त्यांना किती वेळा आग्रह केला असेल. बाई हसून म्हणत, पुढच्या वर्षी बघू. ते पुढचे वर्ष काही उजाडत नव्हते.

एका वर्षी वर्गात एक मुलगी होती. तिच्या जिभेला हाड म्हणून नव्हते. सकाळी उठल्यापासून तिची टकळी सुरू होई, म्हणून तिचे नावच टकळी पडले होते. सहलीच्या दिवशी वर जाताना तिने भोंगामामाला इतके प्रश्न विचारले की त्या दिवशी पहिल्यांदाच मामाला आपला आवाज बारीक वाटला. आकाश निरभ्र होते. वर्ग मजेत माथ्यावर उतरला आणि मी पुढच्या फेऱ्यांना लागलो.

दुपार कलली आणि वारा उठला. डोंगरावरचा वारा पाहुण्यासारखा दार वाजवून येत नाही. आत्ता नव्हता, आणि आत्ता दोर गुणगुणू लागला. माझा पिवळा भाऊ तेव्हा माथ्यावर पोचत होता. फलाटाजवळ येताना त्याला असा झोका बसला की त्याची कड खांबाला लागते की काय असे वाटले. लागली नाही. पण टकळी फलाटावर उभी राहून ते पाहत होती.

मी त्या वेळी पायथ्याशी होतो. मावशींनी नव्या प्रवाशांना थांबवले आणि वरच्या लोकांना खाली आणायचे ठरवले. आधी पिवळ्यातून मोठी माणसे उतरतील, त्याच वेळी मी रिकामा वर जाईन आणि शाळेची मुले घेऊन येईन, असा बेत होता. तेवढ्यात माझ्यातला फोन वाजला. भोंगामामा बोलू लागला, म्हणजे साऱ्या फलाटाला ऐकू येऊ लागले.

माथ्यावर पीटीचे सर उपाहारगृहाच्या ओल्या पायरीवरून घसरले होते. त्यांचा घोटा सुजून भोपळ्यासारखा झाला होता आणि त्यांना पाऊल टेकवत नव्हते. ते एक वेळ निभावले असते. पण टकळीने फलाटाच्या कठड्याला मिठी मारली होती आणि ती पाळण्यात बसायला तयार नव्हती. ती बोलतही नव्हती. टकळी बोलत नाही हे पाहून बाकीच्या मुलांचाही धीर सुटला होता. तिला ओढून आत घालावे, तर ती वाटेत दाराशी झटापट करील, अशी सरांना भीती वाटत होती.

बाईंनी सगळे ऐकले. त्या सरळ यंत्रघराच्या खिडकीशी गेल्या. मावशींनी त्यांना आडपडदा न ठेवता सांगितले की काटा अजून रेषेच्या अलीकडे आहे, एक फेरी होईल, पण ती शेवटचीच. वर उशीर झाला आणि काटा चढला, तर सगळ्यांना माथ्यावरच राहावे लागेल. माथ्यावर एक उपाहारगृह सोडले तर निवारा नव्हता, आणि थंडी अशी की भांड्यातले पाणी गोठावे.

बाई माझ्या दाराशी आल्या. 

"मामा, मला आत यायचंय," त्या म्हणाल्या. "मी मागे फिरायला लागले, तर आधी दार लावून घ्या."

मामाने मान हलवली. बाई आत आल्या, माझ्या मधोमध असलेला दांडा त्यांनी दोन्ही हातांनी धरला आणि डोळे मिटून घेतले. मामाने दार लावले, कडी दोनदा तपासली आणि त्या दिवशी तो कुजबुजल्यासारखा बोलला, "निघालो."

मित्रांनो, पाळण्याला हातपाय नसतात. बाईंच्या पाठीवरून हात फिरवावा असे मला वाटले, पण ते मला कसे जमावे? माझ्या हाती एकच होते, घट्ट राहणे. माझा प्रत्येक खिळा मी आवळून धरला. वारा कुशीत शिरून मला ढकलत होता. 

पहिल्या खांबावरून जाताना गचका बसला आणि बाईंचे डोळे उघडले. आणि मग ते मिटलेच नाहीत. समोर अख्खे शहर पसरले होते. उन्हाची तिरीप नदीवर पडली होती आणि नदी शहराला कमरेतून विळखा घालून पलीकडच्या शेतांत निघून गेली होती. बाई कितीतरी वेळ पाहत राहिल्या. दांडा तेवढा त्यांनी सोडला नाही.

"फळ्यावर मी हे वळण फारच लहान काढत आले," त्या म्हणाल्या.

 भोंगामामाने बाहीने काच पुसून दिली. निम्म्या वाटेवर माझा पिवळा भाऊ प्रवासी घेऊन शेजारून गेला. त्यातल्या लोकांना या वाऱ्यात वर जाणारी एकटी बाई पाहून काय वाटले असेल कोण जाणे.

मी माथ्याच्या फलाटाला लागलो. बाई उतरल्या. त्या भिंत धरून टकळीपाशी गेल्या आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या.  टकळीने बाईंकडे असे पाहिले, जणू डोंगरच उठून चालत आला आहे.

"बाई, तुम्ही कशा आलात?"

"घाबरत घाबरत."

"मग आता खाली?"

"खालीही घाबरत घाबरतच जायचं. फक्त आता आपण दोघी आहोत."

टकळीने विचारले, पाळणा पडला तर? बाईंनी तिला खोटा दिलासा दिला नाही. त्यांनी भोंगामामाला बोलावून सांगितले की हिला दोराबद्दल सगळे नीट समजावा. मामा गुडघे टेकून बसला. ज्यावर माझी चाके फिरतात तो जाड दोर, मला ओढणारा दुसरा दोर, आणि ओढणारा दोर तुटलाच तर माझ्या डोक्यावरचा जो चिमटा जाड दोराला आपोआप करकचून धरतो तो, असे सगळे त्याने हातवारे करून सांगितले. टकळी ऐकत होती. तिचे हात मात्र कठड्यावरून सुटत नव्हते.

तेव्हा बाई म्हणाल्या, "सोडू नकोस. फक्त धरायची जागा बदल." आणि त्यांनी आपला हात पुढे केला.

आधी एक हात आला. मग दुसरा आला. त्या दोघी एकमेकींना धरून माझ्यात शिरल्या, आणि त्यांच्यामागे सगळा वर्ग शिरला. उपाहारगृहाच्या आचाऱ्याने पीटीच्या सरांना पाठुंगळीवर आणून बाकावर बसवले आणि तोही आत आला. मामाने कडी लावली. माथ्यावर आता कुणी उरले नव्हते.

आम्ही दुसरा खांब ओलांडला आणि दोर थांबला. मावशींनी थांबवला होता. वाऱ्याचा मोठा लोट आला होता आणि काटा तांबड्या रेषेला टेकला होता. मी दरीवर लोंबकळत झुलू लागलो. मुलांनी किंकाळी फोडली. कुणी आईला हाका मारू लागले. भोंगामामाचा आवाज त्यात बुडून गेला.

बाईंचा आवाज मात्र वर आला. हा वर्गातला आवाज होता, मागच्या बाकावरच्यालाही ऐकू जाणारा. त्यांनी सगळ्यांना खिडकीबाहेर बघायला सांगितले. वारा दिसत नाही, मग तो कुठून येतोय हे कसे ओळखायचे, असे विचारले.  मग एक बारीक आवाज आला.

"धुरावरून," टकळी म्हणाली. "कारखान्यांचा धूर आपल्याकडे वाकलाय."

"शाब्बास. आणि वारा पडायला लागला की आधी कुठे कळेल? आपल्याला, की त्या धुराला?"

"धुराला. तो वारा अजून आपल्यापर्यंत यायचाय."

मग सगळा वर्ग धुराड्यांवर डोळे लावून बसला. रडणारे रडायचे विसरले. पीटीचे सरही सुजलेला पाय विसरून मान लांब करून पाहू लागले. धूर जमिनीला लागून पळत होता. बराच वेळ तो तसाच पळत राहिला. मी झुलत राहिलो, बाई एका हाताने दांडा आणि दुसऱ्या हाताने टकळी धरून उभ्या राहिल्या, आणि मग शहराच्या पार टोकाच्या धुराड्याचा धूर जरासा उठून बसला. मग त्याच्या अलीकडचा. मग त्याच्या अलीकडचा. मुले बोट दाखवून धुराड्यांमागून धुराडी सांगू लागली. शेवटी सगळ्यांत जवळचा धूर सरळ झाला, आणि माझे झुलणे हळूहळू ओसरले. खाली मावशींचा काटा रेषेवरून खाली आला होता. दोर गुणगुणला, चाके फिरली, मी निघालो.

मित्रांनो, त्या क्षणी माझ्यात जो आरडाओरडा झाला, तसा मी जन्मात ऐकला नव्हता. भोंगामामाच सर्वांत जोरात ओरडला असे मी शपथेवर सांगू शकतो. आचारी नाचला. सरांनी एका पायावर उभे राहून टाळ्या वाजवल्या. आणि टकळीचे तोंड एकदा जे उघडले, ते पायथा येईपर्यंत मिटले नाही. दोर कुठे बनतो, चिमट्याला गंज चढतो का, ढगाला वास असतो का, असे सतरा प्रश्न तिने विचारले. कुणीही तिला गप्प बस म्हटले नाही.

पायथ्याच्या फलाटावर मावशी यंत्रघरातून बाहेर येऊन उभ्या होत्या. त्या कधी बाहेर येत नसत. त्यांनी बाईंना घट्ट मिठी मारली. आधी उतरलेले प्रवासी घरी न जाता थांबले होते, त्यांनी मुलांना उचलून घेतले आणि सरांना दवाखान्यात न्यायला गाडी बोलावली. सगळा गलका शांत झाल्यावर बाई पुन्हा माझ्या दाराशी आल्या. मला वाटले, त्या मामाचे आभार मानतील.

त्यांनी विचारले, "उद्या वारा पडला, तर पहिली फेरी कितीला?"

वारा पडला आणि त्या आल्या. दांडा धरून उभ्या राहिल्या, पण डोळे उघडे ठेवून. पुढे त्या किती वेळा आल्या याची गणती नाही. दरवर्षी त्या वर्गाबरोबर वर येत आणि नकाशाचा धडा माथ्यावरच घेत. भीती गेली नाही. पहिल्या खांबाजवळ त्यांची मूठ आवळे, हे मला ठाऊक आहे. पण भीती बाईंबरोबर प्रवास करू लागली. त्यांना खाली अडवून ठेवण्याची तिची सद्दी संपली.

दिवस कुणासाठी थांबत नाहीत. काही वर्षांनी नवे पाळणे आले. चकचकीत, नखशिखांत काचेचे, तळालाही काच. मला आणि माझ्या भावाला दोरावरून उतरवले. भाऊ दुसऱ्या गावच्या संग्रहालयात गेला. निघताना त्याला माझ्या शेजारून नेले, आणि आयुष्यात पहिल्यांदा आम्ही घडीभर थांबलो. मला मागच्या आवारात ठेवले. पावसाने रंग उडाला. येणाऱ्याजाणाऱ्यांनी माझ्या अंगावर खिळ्यांनी नावे कोरली, बाकांच्या गाद्या फाडल्या, एक खिडकी दगडाने फोडली. ज्या अंगाने वादळ सोसले, ते अंग रिकामटेकड्यांच्या खिळ्यापुढे हतबल झाले. लोक मला भंगार म्हणू लागले, आणि ऐकून ऐकून मलाही ते खरे वाटू लागले.

पण बाई मला विसरल्या नव्हत्या. त्या निवृत्त झाल्या होत्या आणि फलाटावर येऊन बसत. त्यांनी पाहिले की नव्या पाळण्याची तळाची काच बघून पुष्कळ माणसे दारातूनच परत फिरतात आणि घरचे त्यांना हसतात. मावशी आता रोपवेच्या मुख्य झाल्या होत्या. बाईंनी त्यांच्यापुढे एक विचार मांडला. त्या लोकांना आधी जमिनीवर बसून सवय करायला एक पाळणा हवा, आणि असा पाळणा मागच्या आवारात पडून आहे. मावशींनी होकार द्यायला क्षणही लावला नाही. भोंगामामाने स्वतः माझे ओरखडे घासले, लाल रंग दिला, गाद्या शिवून घेतल्या. मग मला दगडी चौथऱ्यावर, नव्या फलाटाच्या शेजारी बसवले.

माझ्यात पहिला बसला तो एक धिप्पाड लोहार. दंड असे की दार अपुरे पडावे. त्याची चिमुकली म्हातारी आई बाहेर उभी राहून त्याला सांगत होती की मी एकटी जाते, तू बस. तो घामाघूम होऊन दांडा धरून बसला. बाई त्याच्या शेजारी बसल्या आणि त्यांनी त्याला दोरांची आणि चिमट्याची सगळी माहिती दिली. बऱ्याच वेळाने तो उठला, आईचा हात धरला आणि काचेच्या पाळण्यात चढला. परत आला तेव्हा त्याने मला अशी थाप मारली की माझे खिळे खुळखुळले. मित्रांनो, आयुष्यभर मिळालेल्या कौतुकात ती थाप मी सर्वांत वर ठेवतो.

तेव्हापासून हेच माझे काम आहे, आणि मी ते मोठ्या दिमाखात करतो. तुमच्याकडे माझे मागणे थोडे आहे. जुन्या वस्तूवर नाव कोरू नका. कोरणाऱ्यांपैकी एकाचाही चेहरा मला आठवत नाही. टकळीने माझ्यावर काही कोरले नाही, ती मला पुरती आठवते. वस्तू थकली म्हणजे संपली असे समजू नका, तिला तेलपाणी करा आणि जमेल ते काम द्या. आणि कुणी दारात घाबरून थांबला तर त्याला हसू नका. त्याच्या शेजारी बसा.

आता मला रजा द्या. दारात एक आजोबा उभे आहेत. एक पाय आत आहे, एक बाहेर आहे, आणि त्यांची नात त्यांना धीर देते आहे. बाईंनी सरकून जागा केली आहे. आजोबांचा दुसरा पायही आत्ताच आत आला.